वहिनींचं लाल बटण

वहिनी खोलीतून बाहेर पडल्या की दिवा बंद होतो. आत कोणी बसलेलं असलं तरी होतो. माझं लग्न झालं त्या आठवड्यात माझी बायको न्हाणीघरात होती आणि वहिनींनी जाता जाता बाहेरचं बटण बंद केलं. आतून ओरडा आला. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, तू आहेस होय! मला वाटलं, भाऊजी विसरले." तेव्हापासून माझी बायको न्हाणीघरात मोठ्याने गाणी म्हणते. आत माणूस आहे हे कळावं म्हणून. गळा बेताचाच आहे, पण पुन्हा कधी अंधारात सापडलेली नाही.

या सवयीपायी गावच्या दवाखान्याचं इंटरनेट बंद व्हायची वेळ आली होती. ते सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पेशाने नर्स. भाऊ ट्रक चालवायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा वहिनींचे केस सगळे काळे होते. माहेरची माणसं न्यायला आली. वहिनी म्हणाल्या, "मी आले तर दवाखाना कोण उघडणार?" ती माणसं परत गेली आणि वहिनींनी दवाखाना उघडला. तो अजून त्याच उघडतात.

दवाखाना गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला आहे. तीन खोल्या, एक ओटा, पुढे हातपंप. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तेही जीपने साथ दिली तर. एरवी वहिनी आणि कंपाउंडर. कंपाउंडर औषधं देतो, गोळ्या मोजतो आणि दिवसभर बोलतो. वहिनी सुई टोचताना बोलत नाहीत. टोचून झाली की बोलतात आणि मग ऐकणाऱ्याची खैर नसते. हात कोपरापर्यंत धुतात. गरम पाण्यातून काढलेला चिमटा टेबलावर टेकवत नाहीत. कोणी बघत नसतानाही टेकवत नाहीत, हे मी बघितलं आहे. मी जन्मभर मजुरांबरोबर राबलो, कामचुकार माणूस मला पाठीवरून ओळखू येतो. वहिनी त्यातल्या नाहीत.

दिवे बंद करायची सवय नर्सिंगच्या वसतिगृहातली. तिथे एक मेट्रन होती. जिच्या खोलीत विनाकारण दिवा सापडेल, तिने दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाची भांडी घासायची. कसली भांडी ते वॉर्डात राहिलेल्यांना माहीत आहे. वहिनींनी ती एकदा घासली. तेवढं पुरलं.

एकच बटण वहिनी बंद करत नाहीत. लसींच्या फ्रिजचं.

मागे एकदा दवाखान्यात भिंती रंगवायला माणसं आली होती. त्यांतल्या एकाला उकडत होतं. त्याने फ्रिजची पिन काढली आणि तिथे स्वतःचा पंखा लावला. संध्याकाळी जाताना पंखा घेऊन गेला, पिन तशीच लोंबत राहिली. सकाळी वहिनींनी फ्रिज उघडला. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. त्या दिवशी पोरांना घेऊन आलेल्या बायकांना वहिनींनी ओट्यावर उभं राहून एकेकीला परत पाठवलं, आणि प्रत्येकीला कारण सांगितलं. मग रंगाऱ्याचाच लाल रंग घेतला आणि त्या बटणाभोवती हाताएवढा चौकोन रंगवला. वर लिहिलं काही नाही. सांगितलं मात्र सगळ्या गावाला. कसं सांगितलं ते विचारू नका. पुढच्या खेपेला दुसरे रंगारी आले, तर त्यांनी अख्खी भिंत रंगवली आणि त्या चौकोनाला ब्रश लावला नाही.

आता इंटरनेटचं.

आमच्यासारख्या आडवाटेच्या दवाखान्यापर्यंत तार ओढणं कंपनीला परवडत नाही. ओढली तर बिल असं येईल की दवाखाना विकावा लागेल. म्हणून सरकारने एक निधी काढला. बिलातला मोठा वाटा निधी भरतो, राहिलेला गावची समिती. अट एवढीच, की तार दवाखान्याच्या कामाला लागली पाहिजे. लागते की नाही ते निधीचं ऑफिस बघतं. लागत नसेल तर तेच पैसे रांगेतल्या दुसऱ्या दवाखान्याला. अट रास्त आहे. मला आवडली.

त्या तारेचा चर मी खणला. मी जन्मभर चर खणले. पाण्याचे, सांडपाण्याचे, शेवटी फायबरच्या तारेचे. दवाखान्याचा चर माझा शेवटचा. फाटकापाशी खडक लागला. ठेकेदार म्हणाला, इथे थोडा वर घ्या, कोण बघतंय. मी म्हटलं, ट्रकचं चाक बघतं. पहार आणि घण घेऊन तेवढा तुकडा मी आणि जोडीच्या मजुराने फोडला, बाकीच्या चराएवढाच खोल. खाली वाळू घातली, वर माती दाबली. त्यानंतर मी कुदळ घरी आणली ती परसात टेकवून ठेवली आहे.

तार आली आणि दवाखान्यात पडदा आला. पडद्यावर शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे डॉक्टर येतात. पहिल्या दिवशी वहिनींनी त्यांच्यासाठी चहा सांगितला होता. कंपाउंडरने तो पिऊन टाकला.

याचा सगळ्यांत मोठा फायदा सुताराला झाला. सुताराला साखरेचा आजार. तळव्याला जखम झाली, ती भरेना. पूर्वी तो ती दाखवायला दोन बस बदलून शहरात जायचा. ज्या पायावर भार द्यायचा नाही, त्याच पायावर रांगेत उभा राहायचा, आणि परत येईपर्यंत जखम पुन्हा उघडलेली असायची. बोटं काढावी लागतील असं एकदा बोलणंही झालं होतं. सुताराला लाकूड पायाने दाबून धरावं लागतं. पाय गेला तर धंदा गेला.

आता तो आठवड्याला दवाखान्यात येतो. वहिनी त्याचा पाय स्टुलावर घेतात, पट्टी सोडतात, बॅटरी धरतात. पडद्यावरचे डॉक्टर म्हणतात, "कडेचा रंग दाखवा. अजून जवळ."

सुतार एकदा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कधी तोंडही बघत जा. नुसता पायच बघता."

डॉक्टर म्हणाले, "तोंडाची तक्रार आहे का काही?"

"माझी नाही. बायकोची आहे."

जखम कडेने भरत येत होती. वहिनींनी सुताराच्या बायकोला सांगितलं होतं, "पाय राहील. मी बघते." वहिनी असं सहसा म्हणत नाहीत.

आणि मग निधीच्या ऑफिसातून फोन आला. तुमची लाइन बहुतेक वेळ बंद दिसते. वापर नसेल तर या महिन्यानंतर अनुदान थांबेल. आमच्या बाई पाहणीला येतील.

वहिनी दवाखान्यातून थेट आमच्या दारात आल्या. चपलाही काढल्या नाहीत.

"भाऊजी, तुमच्या चरात पाणी शिरलंय."

मी दाढी करत होतो. "माझ्या चरात?"

"तार बंद असते म्हणे दिवसभर. मी बोलते तेव्हा नीट चालते. म्हणजे मधेच कुठेतरी बिघडते. खड्डा तुम्ही खणलात ना?"

"वहिनी, तो खड्डा नाही, चर आहे."

"जे काय असेल ते. त्यात पाणी शिरलंय."

बायको आतून म्हणाली, "जाऊबाई, यांना काहीही बोला, चराबद्दल बोलू नका. दोन दिवस जेवणार नाहीत."

जेवलो. पण त्याच दुपारी अख्खा चर चालून आलो. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत. माती कुठे खचली आहे का, कोणी खांब रोवला आहे का, पाणी साचलं आहे का. उंचवटा आला तिथे पायाने दाबून बघितलं. काही नव्हतं. खडकाच्या तुकड्यापाशी थांबलो. तिथे तर गवतसुद्धा नीट उगवलं होतं.

दवाखान्यात जाऊन तसं सांगितलं. त्या वेळी वहिनींचं पडद्यावरचं बोलणं नुकतंच संपलं होतं. त्यांनी पडदा पुसला, त्यावर कापड घातलं, भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचं बटण बंद केलं, मग दिवा, मग पंखा.

"चरात काही नाही," मी म्हटलं.

"मग कुठे आहे?"

"मला काय माहीत? डब्यात असेल."

"डबा चांगला आहे. मी किती जपते त्याला. काम झालं की लगेच बंद करते. सरकार पैसे भरतंय म्हणून काय उधळायचं?"

मी मान डोलावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम झालं की अवजार पुसून ठेवायचं, मीही तेच केलं असतं. आम्ही दोघं त्या बंद डब्याखाली उभं राहून डबा बंद का पडतो याचा विचार करत होतो, हे आता लिहितानाही अवघड वाटतं.

पाहणीच्या बाई आल्या त्या सुताराच्या दिवशीच आल्या. वयाने लहान, बोलायला नीट. पाठीवर पिशवी, बुटांवर धूळ. फाट्यापासून चालत आल्या होत्या. वहिनींनी त्यांना आधी पाणी दिलं. सुतार पाय वर घेऊन बाकावर बसला होता. मी दाराशी होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण चराचा प्रश्न होता.

बाईंनी डब्याकडे बघितलं. एकही दिवा पेटलेला नव्हता.

"लाइट गेलीय का?"

वहिनी बोलायच्या आत कंपाउंडर पुढे झाला. "हो मॅडम. इथे लाइटचं काही खरं नाही. दिवसदिवस नसते."

"तसं असेल तर ते चालतं," बाई म्हणाल्या. "वीज नसल्याने लाइन बंद राहिली तर तो दोष धरत नाहीत. मी तसं लिहिते."

बाईंनी पेन काढलं. वहिनींनी कंपाउंडरकडे बघितलं, मग वर.

"आणि हा पंखा काय तू फुंकर मारून फिरवतोयस का रे?"

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा चांगला गरगर फिरत होता. सुतार हसायला लागला आणि पाय हलला म्हणून वहिनींनी त्यालाही दटावलं.

"लाइट आहे, बाई," वहिनी म्हणाल्या. "मी डबा बंद करून ठेवते. काम असलं की लावते. यांचं झालं की परत बंद करेन."

बाईंनी विचारलं, "रोज?"

"रोज म्हणजे? दर वेळी. आल्या दिवसापासून एकदा विसरले असेन तर शपथ."

हे वहिनींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, तिकडचं यंत्र सारखी हाक मारत असतं. इकडून हा डबा ओ देतो. ओ आली नाही की लाइन बंद अशी नोंद होते. तुम्ही डबा बंद केलात की त्याला वाटतं, इथे कोणीच नाही."

वहिनी ऐकत होत्या.

"आणि रुग्णालयातून तपासण्यांचे रिपोर्ट येतात ते त्यांच्या सोयीने येतात. डबा बंद असला की अडकून पडतात. तुम्हाला ते उशिरा मिळत असतील."

"मिळतात," वहिनी म्हणाल्या. मग सुताराकडे बघून, "याचा गेल्या वेळचा उशिरा आला. औषध बदलायचं होतं. मी रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोनवर बोलले त्याबद्दल. फार बोलले."

वहिनी डब्यासमोर गेल्या आणि बटण दाबलं. दिवे एकेक करून लागले. मला कोणी विचारलं नाही, पण चर ठीक होता हे एव्हाना सगळ्यांना कळलं असावं.

"म्हणजे माझ्यामुळे लाइन जाणार," वहिनी म्हणाल्या.

"वीज असताना बंद, म्हणजे वापर नाही, असं धरतात. रांगेत बाकीचे दवाखाने आहेत. पण तुम्ही आता चालू ठेवणार असाल तर मी मुदत मागू शकते. ठेवाल ना?"

कुणीही हो म्हटलं असतं. कंपाउंडर मागून मान जोरजोरात हलवत होता.

वहिनी म्हणाल्या, "ठेवेन म्हणते. पण खात्री देत नाही. हात आपोआप जातो बाई. जन्माची सवय. घरात माणसं अंधारात बसवलीयत मी."

"ते खरं आहे," मी म्हटलं. त्या प्रसंगी मी एवढंच बोललो.

कंपाउंडरने कपाळावर हात मारला. सुतार हसत नव्हता. तो आपल्या पायाकडे बघत होता. बाईंचीही पंचाईत झाली. चांगलं लिहायची तयारी होती, पण वहिनीच लिहू देत नव्हत्या.

वहिनी खोलीत इकडेतिकडे बघत होत्या. औषधांचं कपाट, टेबल, खिडकी, फ्रिज. फ्रिजपाशी त्यांची नजर थांबली.

"मी लसींचा फ्रिज कधी बंद केलेला नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही, आणि दुसऱ्या कोणी नाही. हा डबा तिथे न्या."

"तिथे नेऊन काय होणार?" बाईंनी विचारलं.

"लाल बटण आहे ते."

बाईंना कळलं नाही. त्यांना रंगाऱ्याची हकिगत कंपाउंडरने सांगितली, थोडी वाढवून. बाईंना पटल्यासारखं दिसलं नाही. भिंतीवरच्या रंगाने सवय कशी जाईल, असा चेहरा होता. मग त्या सुताराला म्हणाल्या, "काका, तुमच्या हाताशी पंख्याचं बटण आहे. बंद करता?"

सुताराने केलं.

"आता ते लाल बटण बंद करा. क्षणभरच."

सुताराने बटणाकडे बघितलं, मग वहिनींकडे. "नाही बाई."

"मी सांगतेय ना. सरकारी माणूस सांगतोय."

"सरकार संध्याकाळी निघून जाईल. मला पुढच्या आठवड्यात यांच्याच हातात पाय द्यायचाय."

बाई हसल्या. पहिल्यांदाच. कंपाउंडरकडे वळल्या, तर तो दोन पावलं मागे सरकला होता. त्यांनी पेन उचललं आणि जे झालं तेच लिहिलं. नर्स डबा बंद करत होत्या, का करत होत्या, आणि आता डबा कुठे बसणार. मुदत मागितली. मिळेलच असं सांगत नाही, म्हणाल्या, पण डबा चालू दिसला तर माझ्या म्हणण्याला वजन येईल.

मग सुताराचा पाय पडद्यावर दाखवला. डॉक्टर आले तसे वहिनी म्हणाल्या, "गेल्या वेळी मी तुम्हाला बोलले, ते मागे घेते. दोष इकडचा होता." डॉक्टरांना काही आठवत नव्हतं. ते म्हणाले, "कडेचा रंग दाखवा."

काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. आधी वाद. कंपाउंडर म्हणाला, फ्रिजच्याच पिनेला जोडून टाकू. वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विषय सोडला. फ्रिजच्या बटणावर दुसरं काही लावायचं नाही. शेजारी वेगळं बटण बसवायचं. म्हणजे वीज तिथवर न्यायची आणि तारही तिथवर न्यायची, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर.

विजेचं काम वायरमनने केलं. भिंत मी फोडली. वायरमन म्हणाला, वरून पट्टी मारू, लवकर होईल. मी म्हटलं, वरून लोंबणारी वस्तू कोणीतरी ओढतं. छिन्नी घेतली. जुनी भिंत, वरचा गिलावा भुसभुशीत, आत दगड टणक. अशा भिंतीला जोरात मारलं की गिलावा पत्र्यासारखा सुटतो. हलकं मारायचं आणि पुष्कळदा मारायचं. खांदा दुखला. तो आता दुखतोच. खाच सरळ आली. वहिनींनी फ्रिजवर ओलं कापड टाकून ठेवलं होतं आणि मी थांबलो की धूळ पुसत होत्या. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "चराबद्दल बोलले ते..."

"खाच बघा," मी म्हटलं. "सरळ आहे ना?"

"आहे."

संध्याकाळी वहिनींनी लाल रंगाचा डबा काढला. रंग तळाला घट्ट झाला होता. टर्पेंटाइन घालून ढवळला आणि नव्या बटणाभोवती चौकोन काढला, पहिल्याएवढाच. मग मागे होऊन बघितलं आणि कोपरा पुन्हा भरला.

पुढचे दिवस त्यांना जड गेले. डब्याचे हिरवे दिवे उघडझाप करत. कोणी वापरत नसताना करत. वहिनी म्हणत, "हे असं बघवत नाही." एकदा त्यावर फडकं टाकलं, तर डबा तापला म्हणून कंपाउंडरने काढलं. दवाखाना बंद करून निघाल्या की त्या फ्रिजच्या खोलीत परत जात. हात उचलला जाई, लाल रंग दिसे, हात खाली येई. कंपाउंडरने याची नक्कल बसवली होती. ती त्याने सगळ्या गावाला करून दाखवली, वहिनी सोडून. माझ्या बायकोलाही दाखवली. ती म्हणाली, "आमच्या न्हाणीघराच्या बटणालाही तेवढा लाल रंग लावा की."

मुदत संपायच्या सुमाराला निधीच्या बाईंचा फोन आला. तो वहिनींनीच घेतला. ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि इंजेक्शन भरायला घेतलं. सुई टोचून झाल्यावर सांगितलं. लाइन या वर्षाला राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा बघतील. "बघू देत," वहिनी म्हणाल्या. "बघायलाच पाहिजे."

सुताराच्या तळव्यावर आता पातळ कातडी आली आहे. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, अजून जपा, पण आता महिन्याने दाखवलंत तरी चालेल. सुतार म्हणाला, "म्हणजे आता तोंड बघाल?" वहिनींनी तळवा जपणारा नवा बूट कसा घालायचा ते त्याला पुन्हा पुन्हा करायला लावलं. ओट्यावरचा बाक डगमगत होता तो त्याने परवा आपण होऊन दुरुस्त करून दिला. लाकूड पायाने दाबलं नाही. गुडघ्याखाली धरलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या.

काल संध्याकाळी मी रक्तदाब दाखवायला गेलो होतो. वहिनींनी दंडाला पट्टा गुंडाळला, बघितलं, आकडा लिहिला. तेवढ्यात ओट्यावर कोणी हाक मारली म्हणून त्या उठून बाहेर गेल्या. जाता जाता दिवा बंद केला. मी दंडाला पट्टा घेऊन अंधारात बसलो. हाक मारणार होतो, पण मारली नाही. फ्रिजची घरघर ऐकू येत होती, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर हिरवे दिवे उघडझाप करत होते.